नावेतली पऱ्हाटी

माणूस वजनदार असावा म्हणतात. असू दे बाप्पा, पण नावेत बसाच्या वक्ती नाई. आमचा बुढा, पंजाबराव, मायबापाचा एकुलता एक पोट्टा. सासूनं तूप चारून चारून वाढवला अन् लग्न झाल्यावर ते काम माह्यावर टाकून दिलं. मी बी केलं. आता त्याचं काय झालं ते सांगतो.

आमचं जुनं गाव धरणात गेलं अन् आमी काठावरच्या पुनर्वसनात येऊन बसलो. वावर राह्यलं पाण्याच्या पल्याड, टेकाडावर. सडकेनं जाचं म्हणलं तर दिग्रसच्या अंगानं सारा वेढा. एसटी बदला, मंग पायी चाला, वावरात पाय ठेवला का वापस निघाची वेळ होते. पाण्यावरून गेलं तर जवळच. म्हणून सारा गाव देवीलालच्या नावेनं जाते. मच्छीच्या सोसायटीची इंजिनाची नाव हाय अन् ते चालवते तांड्यावरचा देवीलाल राठोड. तोंडानं फटकळ, पण हाताचा पक्का माणूस.

दिवाळी झाली, कापूस फुटला. पहिल्या वेच्याले रामीबाई आपल्या मजूर बाया घेऊन नावेत बसली, मी बसली, डबे अन् पाण्याच्या कॅना बसल्या. शेवटी आमचा बुढा बसला. नाव एका अंगानं अशी वाकली का पाणी काठाशी आलं.

"एक जण उतरा," देवीलाल म्हणे.

कोणी हाललं नाई.

"पंजाबराव, तुमीच उतरा. तुमी उतरले का अजून दोन बाया बसतीन."

बाया हासल्या. खोटं कायले बोलू, मी बी हासली. पदर तोंडाले लावला होता, पण खांदे हालत होते अन् ते बुढ्यानं पाह्यले. धोतर वर धरून उतरला, गाळात पोटरीलोग गेला, अन् बाहेर निघाला तवा एक चप्पल गाळानंच ठेवून घेतली होती. एका चपलीत काठावर उभा राह्यला अन् म्हणे, "देवीलाल, आजपासून माह्या घरचं माणूस तुह्या नावेत बसलं तर मी पंजाबराव नाई."

"मंग वावरात कसे जासान?"

"माह्या बापाची नाव हाय. कांते, उतर खाली."

मी उतरली. रामीबाईनं जरा वेळ वाट पाह्यली अन् मंग बाया घेऊन दुसऱ्याच्या वेच्याले निघून गेली. तिचं बी पोट हातावर, आमच्या रागावर तिची चूल थोडीच पेटणार होती.

आता बापाची नाव म्हणजे काय, तर आमच्या बकऱ्यायचं छप्पर. मामंजी होते तवा ती पाण्यात होती. अस्सल सागवानाची, मधी डोलकाठी, तिले सासूचे दोन लुगडे जोडून शीड बांधत. वारा असला का मामंजी वल्ह्याले हात लावत नसत. ते गेले तशी नाव अंगणात आणून पालथी घातली, खाली चार डेरे, म्हणजे लाकडाचे टेकू, दिले, अन् तिच्याखाली बकऱ्यायच्या तीन पिढ्या झाल्या.

चार माणसं लावून बुढ्यानं ती खाली उतरवली. बकऱ्यायले काय झालं ते समजेच ना. छप्पर गेलं म्हणून त्या बिनधास्त घरात आल्या अन् समोरच्या खोलीत बसल्या. एकीनं कॅलेंडर खाल्लं, श्रावणापासून पुढचं सारं. नाव सुलटी केली अन् आत पाह्यलं तर जागोजाग उजेड. तीन फळ्या अशा सडल्या होत्या का बोट घातलं तर बोट पार.

"याच्यातून आपण पाण्यावर जाणार?" मी म्हणलं.

"बाप जात होता."

"ते वर जाऊन बसले, म्हणून बोलून नाई राह्यले."

बुढ्यानं धम्मदीपले बोलावलं. बौद्धपुऱ्यातला पोरगा, चांगला कारागीर. सोफे करते, दिवाण करते, शोकेस करते. नावेभोवती दोन चकरा मारल्या, टेप लावला, मोबाईलवर काय काय पाह्यलं, अन् म्हणे, "काका, नाव म्या जिंदगीत केली नाई. पण दिवाण उलटा केला का नावच हाय ना."

आमच्या बुढ्याले हे लय पटलं. इतकं पटलं का मले तवाच भेव वाटाले पाह्यजे होतं.

फळ्यायले सागवान पाह्यजे होतं. ते आता कुठी भेटते? मी एक दिवस बोरी अरबले माहेरी गेलती, भाच्याच्या सुपारीले. वापस आली तर माहा दिवाण जागेवर नाई. माह्या बापानं लग्नात देल्ला होता, उशाच्या फळीवर मोर काढला होता, मोराच्या पिसाऱ्यात माहं नाव. बाहेर अंगणात पाह्यलं तर मोर नावेच्या कुशीले बसला होता. अर्धाच. मान नाई, पिसारा अन् पाय. धम्मदीप रंधा ठेवून उभा राह्यला, "काकू, काका म्हणे का तुमाले इचारलं हाय."

मी बुढ्याशी बोलणं सोडलं. जेवण वाढो, पाणी देवो, पण तोंडातून शबुद नाई. रातच्याले आमी दोघंही फरशीवर. सकाळी बुढ्याले फरशीवरून उठाचं म्हणजे मोठं काम: पहिले कुशीवर, मंग गुडघ्यावर, मंग चौकट धरून वर. एखाद दिवशी अर्ध्यातच अटकून माह्याकडे पाहे. मी बकऱ्यायले पाला टाकाले निघून जाय.

रोज संध्याकाळी मी काठावर जाय. तिथून पल्याड टेकाडावर आमचं वावर दिसे. पहिले हिरवं होतं, मंग ठिपके ठिपके झालं, मंग पांढरं. पाण्याच्या या अंगाले उभं राहून आपला कापूस लोंबतानी पाहाचा, अन् हात लावता येत नाई, हे दुखणं कास्तकाराच्या बाईलेच समजते. वर्षाचं सारं त्याच्यात होतं. रोज वाटे का आज रानडुकरं लोळतीन, आज वारा सुटन, आज आभाळ येईन. घरी येऊन बुढ्याले सांगाव तर बोलणं बंद. मंग बकरीले सांगो, ती आयकत राहे.

फळ्या बसल्या. आता फटी. फटीत कापूस कोंबाचा, हे बुढ्याले आठवत होतं. मामंजी कोंबत. कसा कोंबत ते आठवत नव्हतं. घरात मागच्या सालचा कापूस होता कोपऱ्यात थोडा, तो त्यानं काढला. त्या दिवशी मले अबोला तोडा लागला.

"सरकी काढा त्याच्यातली."

"सरकी काढत बसलो तर संक्रांत येईन," बुढा म्हणे. "आत गेल्यावर कोन पाहाले जाते?"

मंग त्यानं अन् धम्मदीपनं छिन्नी-हातोडीनं सरकीसगट कापूस ठोसला, वरून काळी माती अन् जवसाचं तेल कालवून लिंपलं. आता लाकूड फुगवाचं. बंडीचं चाक सैल झालं का आमच्याकडे ते पाण्यात भिजू घालतात. लाकूड फुगते, लोखंडी धाव घट्ट बसते. बुढा म्हणे, नाव बी लाकडाचीच. पाइप लावून नाव पाण्यानं भरली, वरून ओले पोते झाकले, अन् उन्हात ठेवून देल्ली. रोज पाणी टाके. बापाच्या सेवेवाणी.

ओल, ऊन, काळी माती अन् सरकी. जल्म गेला आमचा कास्तकारीत, पण एकाच्याही डोक्यात आलं नाई.

एक दिवस सकाळी पोते सारखे कराले गेली अन् एक उचललं. खाली पऱ्हाटी निघाली होती, कापसाची रोपं. दोन दोन पानाची, हिरवीगार, फटीच्या ओळीत, तासात पेरल्यावाणी. मोराच्या पायापासून तर पार टोकालोग. जिथं जिथं मोड आला तिथं फट उघडली होती अन् पाणी खालून वाहून चाल्लं होतं.

मी बुढ्याले बोलावलं. तो आला, वाकून पाह्यलं, बोटानं एक पान हालवलं. मंग हळूच म्हणे, "उगवण चांगली हाय."

मी तिथंच खाली बसली अन् हासली. पोट दुखेलोग हासली. दिवाणाचा राग होता तो तिथंच अर्धा गेला. तो बी हासला, पण डोळे भरून आले होते त्याचे. बापाची नाव होती ना.

गाव लोटला पाहाले. रामीबाई म्हणे, "पंजाबरावभाऊ, निंदाले कवा येऊ?" पिंटू नावाचा पोरगा हाय, सरपंचकीच्या मागं लागलेला, तो मोबाईल काढून म्हणे, "काका, ई-पीक पाहणी करून टाकू. गट नंबर सांगा नावेचा." कोणी फवारणीचं इचारलं, कोणी म्हणे अंतर जरा जवळ झालं. देवीलाल बी येऊन गेला. त्यानं पाह्यलं, बिडी पेटवली अन् काही न बोलता निघून गेला. बुढ्याले तेच जास्त लागलं. मंग आमी दोघायनं मिळून एक एक रोप उपटलं, तसा रोपासंगं सारा कापूस बाहेर आला.

आता बिनसरकीचा कापूस पाह्यजे. कापसाच्या मुलखात राहातो आमी, पण घराघरात सरकीसगटच असते. सरकी काढाची ते जिनिंगात. बुढा दिग्रसले गेला. जिनिंगवाला म्हणे, आमी गाठी विकतो, ओंजळ नाई विकत. गादीवाल्याकडे गेला, तर त्याच्याकडे सारा फोम. शेवटी मेडिकलात गेला अन् होते तितके कापसाचे बंडल मांगले. दुकानदार घाबरला.

"पेशंट कोन हाय? जखम मोठी हाय का?"

"बापाची हाय," बुढा म्हणे. "बुडू नाई म्हणून पाहून राह्यलो."

ते बंडल एका फटीले बी पुरले नाई. पिशवी ठेवून तो ओट्यावर बसला. वर आभाळ आलं होतं, पिंजारलेलं, पावसाळ्याचं नव्हे पण कापूस नासवाले पुरेसं. "जाऊ दे कांते," तो म्हणे. "या साली कापूस त्या मातीलेच देल्ला समज."

"देवीलालले म्हणा ना."

"मरन, पण म्हणणार नाई."

मरन म्हणे. मले ते आयकवलं नाई. मी आत गेली.

माह्या देवाखाली एक पत्र्याची पेटी हाय. तिच्यात लाख वाती होत्या. आमच्याकडे बाया नवस बोलतात, कापसाची सरकी हातानं काढून, पिंजून, लाख वाती वळतात अन् देवापुढं जाळतात. बुढ्याच्या छातीत दुखलं होतं तवा यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणे, आजची रात काढू द्या. मी बाहेर फरशीवर बसून बोलली होती का हे माणूस घरी येऊ दे, लाख वाती लावीन. माणूस घरी आला. कायचा नवस ते मी कोणाले सांगितलं नाई. नवस सांगितला का त्याचा जोर जाते, माही माय म्हणे. टीव्ही पाहातानी वळल्या, लाइन गेली तवा वळल्या, कितीक साल लागले. बुढ्याले वाटे का बायायले नाद असते. पुऱ्या झाल्या होत्या, जाळाच्याच बाकी होत्या.

पेटी उघडली अन् रडू आलं. मंग मी देवाले सरळ सांगितलं का बावा, वाती ज्याच्यासाठी होत्या तो नावेत बसणार हाय. तुह्यापुढं जळून राख होतीन, तिथं त्याचं पाणी आडवतीन. तुले पटत नसन तर माह्यावर रागव, त्याच्यावर नको.

पेटी अंगणात आणून ठेवली. बुढा पाहातच राह्यला. "नवसाच्या हायत ना या?"

"हो. कोंबा."

धम्मदीपनं हात धुतले. "काकू, आमच्यात नवसबिवस नसते. मी ठोकलं तर चालन का?"

"छिन्नीले कुठी नवस समजते? ठोक."

त्यानं ठोकल्या. पण रोज त्याच्या मोबाईलवर गाणे चालत, त्या दिवशी त्यानं लावले नाई. वळलेल्या वाती फटीत अशा बसल्या का जशा त्याच्यासाठीच वळल्या होत्या. वरून गरम डांबर ओतलं. डोलकाठीले मंडपवाल्याचा बांबू आणला. शिडाले लुगडे कुठून आणाव? लुगडे आता कोन घालते? पिंटूनं आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणून देल्ला, "भावी सरपंच" लिहेल, हात जोडून उभा असलेला पिंटू. म्हणे, काका, तेवढाच प्रचार.

पहिल्या दिवशी बुढा एकटाच बसला. नाव पाण्यात ढकलली, वारा आला, पिंटूचे गाल फुगले, अन् नाव चालली. मधी जाऊन, वल्हं मारत वापस आली. आत हात फिरवला तर कोरडी ठण्ण. बुढ्याच्या तोंडावर तेज आलं. काठावर देवीलाल आपल्या इंजिनात तेल टाकून राह्यला होता, त्याच्याकडे पाहून बुढा मोठ्यानं खोकलला.

दुसऱ्या दिवशी रामीबाई बाया घेऊन आली. वातीची गोष्ट तोलोग गावभर झाली होती. काठावर सारायनं चपला काढल्या. नावेले हात लावला, तो कपाळाले लावला. एकीनं हळद-कुंकू वाह्यलं. मंग साऱ्या तिथंच उभ्या.

"बसा ना," बुढा म्हणे.

"लाख वातीवर पाय ठेवाव का भाऊ?" रामीबाई म्हणे. "आमी लेकराबाळाच्या बाया. आमच्यानं नाई होत."

"अवो, नाव हाय ते, देऊळ नाई."

"तुमी म्हणान. पाप आमाले लागन."

बुढ्यानं माह्याकडे पाह्यलं. मी पाय उचलाले गेली. खरं सांगतो, माहाच पाय उचलला नाई. इतकी खटपट करून नाव पाण्यावर उभी केली, अन् आता तिच्यात बसाले कोणी तयार नाई. पल्याड कापूस पांढराफेक, वर आभाळ आदल्या दिवसापेक्षा काळं.

मी चपला घातल्या अन् देवीलालकडे गेली.

"देवीलालभाऊ, आमाले पल्याड सोड."

"तुमच्या घरची शपथ हाय ना, वयनी?"

"शपथ त्याची हाय. वावर दोघायचं हाय."

देवीलाल हासला नाई. त्यानं फक्त इंजिनाची दोरी ओढली. आमी बसलो. बुढ्यानं पाह्यलं, तोंड फिरवलं, अन् आपलं शीड सोडून आमच्या पुढं एकटाच निघाला. पाठमोरा, ताठ.

दिवसभर वेचलं. कंबरेले ओट्या बांधून, खाली मान घालून. बोंडाच्या वाळल्या टोकायनं बोटं सोलून निघाले, पण कोणी हात थांबवला नाई. देवीलाल बी इंजिन बंद करून वेचाले लागला. त्याले कोणी म्हणलं नव्हतं. बुढा दुसऱ्या धुऱ्यावरून वेचत होता, त्यानं पाह्यलं अन् पाह्यलं नाईसं केलं. सारा कापूस बुढ्याच्या नावेत टाकला. त्याले बायायची हरकत नव्हती. रामीबाई म्हणे, कापूस तं वातीचा सख्खा भाऊ हाय, त्याले चालते.

वापस निघालो अन् वारा तोंडावर आला. आता मामंजी अशा वाऱ्यात काय करत ते बुढ्यानं कधी पाह्यलंच नव्हतं. शीड उलटं फुगलं, पिंटू हात जोडून बुढ्याच्याच अंगावर आला, अन् नाव मागं मागं धरणाच्या भिंतीकडे चालली. बुढा वल्हं मारे, नाव तितकीच मागं जाय. दोन थेंब पडले. पुऱ्या सालाचा कापूस उघडा होता.

देवीलालनं नाव वळवली, जवळ नेली अन् दोर फेकला. बुढ्यानं धरला नाई. दोर पाण्यात पडला. देवीलालनं ओढून घेतला, पुन्हा फेकला. पुन्हा पाण्यात.

"अजून जवळ घे," मी म्हणलं. चपला काढल्या, रामीबाईचा खांदा धरला अन् इकडून तिकडे कापसावर पाय देल्ला. नाव हालली. बुढा दचकला.

"काहून आली? बुडशीन ना."

"दोर धरा."

"नाई धरत." मंग माह्याकडे न पाहाता म्हणे, "कांते, तुहा नवस मोडला माह्या पायी. कायचा होता? पोराचा असन."

"आपल्या इंद्रजितले काय झालं? तो पुण्यात मजेत हाय."

"मंग?"

"यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणे, रात काढू द्या. तवा बोलली होती."

बुढ्याचं वल्हं थांबलं. त्यानं खाली पाह्यलं. त्याचे दोन्ही पाय नावेच्या तळाले होते, फटीवर, डांबराच्या काळ्या रेघेवर. त्यानं एक पाय उचलला, मंग दुसरा. कसाबसा कापसाच्या कडेले मांडी घालून बसला. इतक्या वर्षात त्याले मांडी घालतानी म्या पाह्यलं नव्हतं.

"मोडला नाई," मी म्हणलं. "कामी येऊन राह्यला."

त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मंग त्या नावेकडे पाहून म्हणे, "देवीलाल. दोर टाक गड्या."

दोर आला अन् त्यानं धरला. म्या पिंटूले काठीवरून सोडून कापसावर पांघरलं. पार काठालोग बुढ्यानं पाय खाली सोडले नाई. थेंब पडत होते, वारा होता, नाव हेलकावे खाय, पण तो मांडी घालून, दोर छातीशी धरून बसलेला.

काठ आला. बाया उतरल्या अन् भराभर कापूस वर न्याले लागल्या, कोरडा होता. बुढा उठाले गेला तर उठेना. दोन्ही पाय मुंग्या येऊन मेले होते. मी एकीकडून धरलं, पण माह्यानं काय होणार होतं.

देवीलाल पाण्यातून चालत आला. नावेपाशी थांबला, चपला काढून काठावर फेकल्या, अन् पाठ वळवून उभा राह्यला. बुढ्यानं एक वेळ माह्याकडे पाह्यलं. मंग दोन्ही हात देवीलालच्या गळ्यात टाकले. देवीलाल कण्हला, वाकला, पण पाऊल पाऊल टाकत त्याले कोरड्यात आणून दगडावर बसवलं, अन् धापा टाकत त्याच्याच शेजारी बसला.

बुढा आपले पाय चोळत होता.

"उद्या कितीले निघशीन?" बुढ्यानं इचारलं.

"तुमी येऊन बसले का निघू," देवीलाल म्हणे.